डॉग पार्कात कुत्र्यांपेक्षा माणसांचाच त्रास जास्त होतो का?

रानजाई

बरेच दिवस मनात साचलंय, आज लिहूनच टाकते. मला डॉग पार्क मनापासून आवडतो. पट्टा काढून कुत्र्याला सुसाट धावू देता येईल अशी दुसरी जागा सहसा मिळत नाही. तरीही हल्ली तिथे जायची वेळ झाली की पोटात गोळा येतो, आणि तो कुत्र्यांमुळे नाही, त्यांच्याबरोबर आलेल्या माणसांमुळे.

आमचा भैरू मध्यम चणीचा, मिश्र जातीचा, स्वभावाने मायाळू. पण कुणी मागून अंगावर चढलेलं त्याला खपत नाही. आधी तो मान वळवतो, मग बाजूला सरकतो, मग ओठ उचलून दात दाखवतो. एवढं सांगूनही समोरचा हटला नाही, तरच भुंकून अंगावर जातो. पहिल्या तिन्ही पायऱ्या होईपर्यंत त्या दुसऱ्या कुत्र्याचा माणूस बाकावर बसून फोनमध्ये असतो. त्याची मान वर होते ती भैरू भुंकल्यावर. मग "तुमचा कुत्रा अ‍ॅग्रेसिव्ह आहे, त्याला आणत जाऊ नका" हे आम्हालाच ऐकावं लागतं. भैरूने इतक्या वेळा नको म्हटलेलं कुणी पाहिलेलंच नसतं.

दुसरा त्रास फाटकाचा. नवीन कुत्रं दिसलं की आतली सगळी टोळी फाटकाशी जमते. येणारं कुत्रं पट्ट्याला बांधलेलं, बाकीची मोकळी. त्याला ना पळता येतं, ना वळून नीट वास घेता येतो, आणि चहूबाजूंनी नाकं लागलेली. बहुतेक भांडणं मी तिथेच पेटताना पाहिलीत. आपापल्या कुत्र्याला हाक मारून थोडा वेळ मागे घ्या, एवढंच मागणं आहे. पण हाक मारली तर येणारी कुत्री किती?

आणि ते वाक्य: "तो काही करत नाही हो, त्याला फक्त खेळायचंय." त्याला खेळायचंय हे मान्य. समोरच्याला खेळायचं नसेल तर?

शी न उचलणारे, चेंडूवरून जुंपते हे ठाऊक असून गर्दीत चेंडू आणणारे, माजावर आलेली कुत्री घेऊन येणारे, हेही आहेतच. पण माझा खरा राग लक्ष न देण्यावर आहे, कारण बाकीचं सगळं त्यातूनच येतं. तुम्ही काय करता? जाणं सोडलंत? वेळ बदललीत? अशा लोकांशी बोलता का, आणि बोललात तर ऐकतात का?

भटके_पाऊल

शब्दन्‌शब्द पटला. मी वेळ बदलली. लोक कामावरून परतल्यावर जी झुंबड उडते तेव्हा अजिबात जात नाही. भल्या पहाटे ठरावीक चार चेहरे असतात, कुत्री एकमेकांना ओळखतात, माणसंही लक्ष ठेवून असतात. जागा तीच, पण वातावरण अगदी वेगळं.

आणखी एक सवय लावून घेतली आहे. आधी गाडीतून किंवा कुंपणाबाहेरून जरा वेळ नुसतं बघायचं. कुत्री कुठे आहेत त्यापेक्षा माणसं कुठे आहेत ते पाहायचं. सगळी एका बाकाभोवती गप्पा मारत असतील तर आम्ही तसेच पुढे फिरायला निघून जातो. माणसं मैदानात विखुरलेली आणि चालती असतील, तर आत.

छोटी_शेपटी

माझी चिंगी पाच किलोचीही नाही, त्यामुळे आमच्यासाठी हा विषय जिवावरचा आहे. लहान कुत्र्यांचा वेगळा भाग असलेल्या पार्कातच आम्ही जातो. तिथेही मोठी कुत्री घेऊन लोक येतात. "आमचा अगदी गरीब आहे" किंवा "तिकडे गर्दी आहे" ही कारणं.

इथे स्वभाव गरीब असण्याचा प्रश्नच नाही. लहानसं काहीतरी चिरकत पळालं की मोठ्या कुत्र्याच्या डोक्यात खेळाची जागा शिकार घेऊ शकते, तीही क्षणार्धात. त्यात राग नसतो, गुरगुर नसते, त्यामुळे आधी इशाराही मिळत नाही. उचलून एकदा झटकलं की संपलं. बाहेरून दातांची दोन बारीक भोकं दिसतात, आत स्नायू फाटलेले असतात, फासळ्या मोडलेल्या असतात. म्हणून मोठ्या कुत्र्याने लहानग्याला तोंडात धरलं असेल, तर जखम कितीही किरकोळ दिसो, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. हे मी सगळ्यांना हात जोडून सांगते.

मोकळं_रान

थोडी दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. माझी दोन मोठी, दांडगी कुत्री आहेत. दांडग्या कुत्र्यांचा खेळ दिसायला भीषण असतो. गुरगुरणं, मान पकडणं, आपटणं, सगळं चालतं. दर वेळी कुणीतरी "सोडवा, सोडवा" म्हणून धावत येतं आणि छान रंगलेला खेळ मोडतो. लक्ष ठेवायचं म्हणजे काय बघायचं, हेही कळायला हवं ना?

मी हे बघतो. पाळ्या बदलतात का? म्हणजे पाठलाग करणारा थोड्या वेळाने स्वतः पळतो का, वर असलेला आपणहून खाली लोळतो का? अधूनमधून दोघं थांबतात का, अंग झटकतात का? अंग सैल, हालचाली उगाच मोठ्या आणि वेड्यावाकड्या आहेत का? पुढचे पाय पसरून ढुंगण वर करणं हे तर खेळाचं उघड आमंत्रणच. मार्क बेकॉफ या अमेरिकन संशोधकाने त्याचा बारकाईने अभ्यास केला. १९९५ साली त्यांनी दाखवलं की चावा घेऊन डोकं जोरात झटकण्यासारख्या, गैरसमज होऊ शकेल अशा कृतीच्या आगेमागेच कुत्री हे वाकणं जास्त करतात. म्हणजे "आत्ता केलं ते खेळातलं होतं हं" असं ती समोरच्याला सांगत असतात.

याउलट अंग ताठ, तोंड मिटलेलं, नजर रोखलेली आणि एकच कुत्रं सारखं खाली दबलेलं असेल, तर मी लगेच मध्ये पडतो.

आणि शंका आली तर सगळ्यात सोपा उपाय: जो वरचढ दिसतोय त्याला पट्ट्याला धरून क्षणभर बाजूला घ्यायचं आणि दुसऱ्याला मोकळं ठेवायचं. दुसरा परत त्याच्याकडेच आला तर खेळ खरा. तो निघून गेला, अंग झटकून माणसाच्या पायाशी जाऊन बसला, तर त्याला नको होतं. वाद घालायची गरज पडत नाही, उत्तर कुत्रंच देतं.

रानजाई

@मोकळं_रान, राग कसला, उलट हेच हवं होतं. भैरूच्या बाबतीत नेमकं हेच होतं, तो सुटला की सरळ माझ्यामागे येऊन उभा राहतो. पण "जरा धरता का तुमच्याला?" म्हटलं की लोकांना अपमान वाटतो. तुमच्यासारखे स्वतःहून धरणारे भेटले असते तर हा धागाच निघाला नसता.

आणि शेपटी हलतेय म्हणजे तो खूश आहे, हे कृपया कुणी सांगू नका. ताठ, उंच धरलेली, भराभर थरथरणारी शेपटी आणि कमरेपासून सैल डोलणारी शेपटी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. २००७ मध्ये इटालियन संशोधकांनी मोजून दाखवलं होतं की मालक दिसल्यावर शेपटी उजवीकडे जास्त झुकते आणि अनोळखी, दबंग कुत्रं दिसल्यावर डावीकडे. मैदानात उभं राहून डावं-उजवं कुणी मोजणार नाही, पण शेपटीत आनंदाखेरीज बरंच काही असतं एवढं तरी मान्य व्हावं.

नवखी_पालक

मध्येच विचारते. आमचं पिल्लू जेमतेम अडीच महिन्यांचं आहे. सगळे म्हणतात लवकर सोशलाइज करा, पार्कात न्या. हे सगळं वाचून घाबरले आहे. न्यावं की नाही?

नाडीवर_बोट

व्यवसायाने पशुवैद्य आहे. @नवखी_पालक, सध्या नेऊ नका.

पिल्लांच्या लशींचे डोस दर दोन ते चार आठवड्यांनी, किमान सोळा आठवड्यांचं होईपर्यंत देतात. कारण आईकडून आलेली प्रतिपिंडं अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही, आणि ती नेमकी कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. म्हणून "दोन इंजेक्शनं झाली, आता चालेल" हा हिशोब धोक्याचा आहे. पार्व्हो हा पिल्लांना जीवघेण्या उलट्या-जुलाब घडवणारा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने तग धरतो. आजारी कुत्रं केव्हाच निघून गेलेलं असतं, माती तशीच असते. अल्कोहोलच्या सॅनिटायझरने तो मरत नाही, पातळ केलेल्या ब्लीचने मरतो, आणि गवताच्या मैदानाला ब्लीच कोण लावणार?

पण सोशलाइज करायचं ते आत्ताच, हेही खरं. स्कॉट आणि फुलर यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या कामापासून आपल्याला माहीत आहे की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जगाला सर्वांत सहज स्वीकारतं. फक्त त्याचा अर्थ वीस अनोळखी कुत्र्यांच्या गराड्यात सोडणं असा नाही. कडेवर घेऊन फिरवा. रहदारी, लहान मुलं, टोपीवाली माणसं, छत्र्या, शिट्टीचा आवाज, सगळं लांबून दाखवा. लस पूर्ण झालेल्या, पिल्लांशी सबुरीने वागणाऱ्या एखाद्या प्रौढ कुत्र्याशी घरी भेट घडवा. या वयात एक जोराचा हल्ला झाला तर पुढे कायमची भीती बसू शकते.

आता रानजाई यांनी ओझरता उल्लेख केलेल्या शीबद्दल, कारण लोकांना तो फक्त घाणीचा प्रश्न वाटतो. गोल जंतांची अंडी शीतून बाहेर पडतात तेव्हा लगेच संसर्गजन्य नसतात. मातीत साधारण दोन आठवडे किंवा त्याहून जास्त मुरल्यावर होतात. म्हणजे या जंतांपुरतं बोलायचं तर त्याच वेळी उचललेली शी जवळजवळ निरुपद्रवी, आणि पावसाने "विरघळून गेलेली" शी खरी धोकादायक. मग ती माती वर्षानुवर्षं दूषित राहू शकते, आणि त्या मातीत खेळणाऱ्या मुलांनाही हे जंत होतात. हुकवर्म या दुसऱ्या जंताची अळी तर उघड्या पायाच्या कातडीतून आत शिरते.

साचलेलं पाणी पिऊ देऊ नका, त्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) येतो, तो माणसांनाही होतो. पाणी घरून न्या, स्वतःचं भांडं न्या. खोकणारं कुत्रं, जुलाब होणारं कुत्रं बरं होईपर्यंत घरीच ठेवा. "थोडंसंच खोकतोय" म्हणून आणलेल्या एका कुत्र्यामुळे केनेल कफ, म्हणजे कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला, सगळ्या टोळीत पसरतो. घरी आल्यावर बोटांच्या मधे, कानांच्या आत, काखेत गोचीड बघायला विसरू नका.

सावकाश_चाल

आम्ही पार्क पूर्ण सोडला आणि त्याचं जराही वाईट वाटत नाही. आमची कुत्री रेस्क्यू केलेली, पूर्वी कुणीतरी मारहाण केलेली. "एकदा सोडून बघा, आपोआप शिकेल" असं सांगणारे खूप भेटले. कुत्रं भेदरून कोपऱ्यात बसलं की लोकांना वाटतं शांत झालं, रुळलं. जीभ सारखी ओठांवरून फिरणं, झोप आलेली नसताना जांभया, डोळ्यांचे पांढरे कोपरे दिसणं, शेपटी पोटाखाली, पंजा उचलून थबकणं, याला रुळणं म्हणत नाहीत.

बरीच प्रौढ कुत्री अनोळखी कुत्र्यांच्या घोळक्यात रमत नाहीत. दोन-तीन वर्षांची झाली की त्यांना मोजके, ओळखीचे सोबती पुरतात. त्यात काही बिघडलेलं नाही. हे मान्य केलं आणि माझा स्वतःचा ताण उतरला.

आता आम्ही हार्नेसला (छातीभोवती बांधायच्या पट्ट्याला) दहा मीटरची लांब दोरी लावून निवांत जागी जातो आणि तिला हवा तितका वेळ वास घेऊ देतो. २०१९ मध्ये दुरांतों आणि होरोविट्झ यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. रोज नाकाने शोधायचा खेळ खेळलेली कुत्री दोन आठवड्यांनी अनिश्चित प्रसंगाकडे जास्त आशेने बघू लागली, नुसतं पायाशी चालण्याचा सराव केलेल्यांत तसा बदल दिसला नाही. आमच्याकडे तर अर्धा तास हुंगून आल्यावर ती घरी गाढ झोपते. पार्कातून परतल्यावर मात्र घरभर येरझाऱ्या घालायची, दमूनही शांत होत नसे.

लांब दोरी मात्र हार्नेसलाच लावा, गळपट्ट्याला कधीच नाही. धावत सुटून झटका बसला तर मानेला इजा होते. आणि इतर मोकळ्या कुत्र्यांत ही दोरी वापरू नका, पायात गुरफटते.

उंबरठा

आमच्या पार्कच्या स्वयंसेवक गटात काम करतो, म्हणून जागेबद्दल थोडं. अमेरिकेतला पहिला मानला जाणारा डॉग पार्क १९७९ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत सुरू झाला, आणि तोही कुत्रेवाल्या रहिवाशांच्या खटपटीतून. तेव्हा आपण नुसते वापरणारे नाही, चालवणारेही व्हायला हवं असं माझं ठाम मत आहे.

रानजाई, तुमची फाटकाची तक्रार शंभर टक्के जागेच्या आखणीची आहे. दुहेरी फाटक हवंच: बाहेरचं लावून घ्यायचं, मधल्या चौकात पट्टा काढायचा, मगच आतलं उघडायचं. पट्टा मधल्या चौकातच काढायचा, आत गेल्यावर नाही, हे लोकांना सांगावं लागतं. फाटक कोपऱ्यात असलं तर आत येणारं कुत्रं कोंडीत सापडतं, म्हणून ते लांब बाजूच्या मधोमध असावं. शक्य असेल तर आत यायला एक आणि बाहेर पडायला दुसरं, म्हणजे गर्दी फुटते.

बाकही फाटकाजवळ नकोत आणि एकाच जागी घोळक्याने तर अजिबात नकोत. दूरदूर विखुरले की माणसं विखुरतात आणि कुत्री माणसांच्या मागे विखुरतात. आमच्याकडे बाक हलवले तेव्हा कित्येक महिने फलक लावून जे झालं नव्हतं ते झालं. मधे काही झुडपं, मातीचे उंचवटे असले की कुत्र्यांना नजरेआड व्हायला, दमून बाजूला जायला जागा मिळते. सपाट उघड्या चौकोनात एकमेकांवर धावून जाण्याखेरीज करायला काहीच नसतं. सावली हवी, तीही एकाच झाडाची नको, नाहीतर सगळी तिथेच कोंबली जातात. नाक चपटं असलेल्या जातींना उन्हात धाप फार लवकर लागते, त्यांच्यासाठी तर सावली अत्यावश्यक.

आता बोलायचं कसं. "तुमचं कुत्रं त्रास देतंय" म्हटलं की माणूस बचावाला उभा राहतो. मी म्हणतो, "माझा जरा घाबरलाय, तुमच्याला हाक मारता का?" म्हणजे आरोप नाही, करायचं काय ते स्पष्ट. पुष्कळ जण ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांच्याशी हुज्जत घालत उभं राहू नका, कारण तेवढा वेळ तुमचं कुत्रं त्रासातच असतं. आधी त्याला बाहेर काढा. नंतर जी कोणी संस्था पार्क सांभाळते तिला दिवस-वेळेसह लिहून कळवा. लेखी तक्रारी साठल्या की हालचाल होते, तोंडी सांगितलेलं तिथेच विरतं.

भटके_पाऊल

@उंबरठा, बाकांचं डोक्यातच आलं नव्हतं. भांडण लागलंच तर काय करता, तेही लिहा ना.

उंबरठा

पहिली गोष्ट, दोन कुत्र्यांच्या मधे हात घालायचा नाही आणि गळपट्टा पकडायला जायचं नाही. स्वतःच्याच कुत्र्याचा चावा लोकांना असाच बसतो. त्या आवेशात ते बघत नाही कुणाचा हात आहे. किंचाळूही नका, त्याने आणखी चेव येतो. जोराचा अनपेक्षित आवाज, तोंडावर पाण्याचा मारा, मधे सारायला एखादी फळी किंवा घडी केलेली खुर्ची, यांपैकी जे हाताशी असेल ते. याने सुटली नाहीत तर दोन माणसांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय मांड्यांपाशी धरून उचलायचे आणि मागे मागे, किंचित गोल फिरत न्यायचं. एकट्याने एकालाच ओढायचं नाही, दुसरा मोकळा राहून चावत राहतो. दातांत कातडी अडकलेली असेल तर ओढू नका, फाटतं. सुटल्यावर दोघांना पुन्हा "मैत्री करा" म्हणून समोरासमोर आणू नका, त्या दिवशी दोघांनीही घरी जायचं.

छोटी_शेपटी

एक राहिलं. लहान मुलं. कुत्र्यांच्या पार्कात पळापळ करणारं, ओरडणारं मूल हातात खाऊ घेऊन सोडलेलं पाहिलं की माझ्या छातीत धस्स होतं. चिंगीबद्दल जे लिहिलं तेच त्या मुलालाही लागू आहे. मुलांना आणायचंच असेल तर हात धरून चालवा, आणि त्याच वेळी कुत्र्यावरही नजर ठेवणं एकट्या माणसाला जमत नाही, हे मान्य करा.

रानजाई

सगळे प्रतिसाद वाचले, काही दोनदा. @सावकाश_चाल, तुमचं वाचून थांबले. भैरूला पार्क आवडतो की मला त्याला धावताना बघायला आवडतं, हे तपासून बघणार आहे. फाटक दिसल्यावर तो ओढतो की मागे रेटतो, हे तरी कळेल. @मोकळं_रान, एक विचारायचंय. तुमची दोन्ही दांडगी खेळ रंगात असताना हाकेला येतात? हे कसं जमवलंत?

मोकळं_रान

येतात, पण त्याला वेळ लागला. बहुतेक लोक पार्कात हाक मारतात ती फक्त निघताना. कुत्र्याला दोनदा कळतं की हाक म्हणजे मजा संपली, मग तिसऱ्यांदा ते कशाला येईल? म्हणून मी अधूनमधून विनाकारण हाक मारतो, आला की खूप कौतुक करतो, गळपट्ट्याला हात लावतो आणि लगेच "जा" म्हणून परत सोडतो. पुन्हा खेळायला मिळणं हेच बक्षीस. गर्दीत खाऊ काढायचा नाही, त्यावरून जुंपते.

सुरुवात पार्कात करू नका. घरात, मग अंगणात, मग रिकाम्या मैदानावर लांब दोरीने, मग एका ओळखीच्या कुत्र्यासोबत, आणि शेवटी पार्क. खेळ अगदी शिगेला पोचलेला असताना हाक मारून वाया घालवू नका, ती दोघं क्षणभर थांबतात ना, त्या फटीत मारा. आणि तो येणार नाही अशी खात्री असेल तर हाक न मारता चालत जाऊन घेऊन या. हाक मारून न येण्याची सवय लागली की ते नाव फुकट गेलं.

रानजाई

त्या फटीत हाक मारायचं, हे उद्यापासूनच सुरू करते. @उंबरठा, दुहेरी फाटक आणि बाकांच्या जागा यांबद्दल आमच्या पार्कसाठी अर्ज लिहायला घेतला आहे. मसुदा इथेच टाकते, दुरुस्त्या सुचवा. शीबद्दलचा परिच्छेद @नाडीवर_बोट यांनी नजरेखालून घातला तर बरं होईल, कारण तोच फलकावरही लावायचा विचार आहे.